तळमजल्याचे दुकान आणि भूकंपाचा हिशेब

किल्लारीच्या भूकंपातून महाराष्ट्राने धडा घेतला खरा, पण तो अर्धाच घेतला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगड-मातीची, जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास आठ हजार माणसे दगावली. त्यानंतर गावोगाव एकच गोष्ट बोलली जाऊ लागली : माती-दगडाचे घर नको, सिमेंट आणि सळईचे पाहिजे, कॉलम-बीमवर उभे केलेले घर पडत नाही. गवंडी हेच सांगत, बिल्डर हेच सांगत आणि घर घेणाऱ्यालाही हेच ऐकायला आवडत असे.

ही समजूत सव्वासात वर्षे टिकली. २६ जानेवारी २००१, शुक्रवार, प्रजासत्ताक दिनाची सकाळ. ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छमध्ये भचाऊजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. गुजरातेत सुमारे १३,८०० लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेक कच्छमधले. परंतु अहमदाबाद हे शहर त्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि तिथेही साडेसातशेच्या आसपास माणसे गेली. ती दगड-मातीच्या घरांत राहणारी नव्हती. जुन्या शहरातील पोळांमधली लाकूड-विटांची कित्येक घरे उभी राहिली आणि साबरमतीच्या पलीकडच्या नव्या वस्त्यांतील कॉलम-बीमच्या इमारती, काही तळमजला अधिक चार मजल्यांच्या, काही दहा मजल्यांच्या, खाली बसल्या. ज्यांचे फ्लॅट होते ती मध्यमवर्गीय, नोकरदार, व्यापारी माणसे होती आणि त्यांनी पुरते पैसे मोजून हे फ्लॅट घेतले होते.

आपल्या व्यापारी बांधवांचा या गोष्टीशी संबंध काय, असे कोणी विचारील. अहमदाबाद भारतीय मानकाच्या भूकंप नकाशात तिसऱ्या विभागात होते. २००२ साली सुधारलेल्या नकाशात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि सोलापूर ही शहरेही याच तिसऱ्या विभागात होती. कोयनेचा परिसर चौथ्या विभागात. तिथे ११ डिसेंबर १९६७ रोजी काय झाले ते जुन्या माणसांना आठवत असेल. म्हणजे अहमदाबादच्या ज्या इमारती पडल्या, त्यांच्यासाठी जो धोका कागदावर धरलेला होता तोच भिवंडीच्या आणि मालेगावच्या इमारतींसाठीही धरलेला होता. आणि आपल्या लोकांची दुकाने, कारखाने, गोडाऊन बहुतांशी अशाच इमारतींच्या तळमजल्यावर आहेत. नेमका तळमजलाच तिथे बसला होता.

वजन खाली येते, भूकंप आडवा येतो

इमारतीवर रोज जो भार असतो तो वरून खाली जातो. स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलममधून पायात. हा भार कॉलमला दाबतो आणि काँक्रीट दाब चांगला सोसते. म्हणून वाईट कामाची इमारतही वीस-पंचवीस वर्षे उभी दिसते. भूकंपात मात्र जमीन आडवी सरकते, इमारतीचे वजन जागच्या जागी राहू पाहते, आणि या ओढाताणीत कॉलम आडवा वाकवला जातो. हे वाकणे त्याने आयुष्यात कधी सोसलेले नसते. इमारत पन्नास वर्षे उभी आहे, तिला काय होणार, हा युक्तिवाद म्हणूनच कामाचा नाही.

आकड्यात पाहू. समजा, तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत आहे, प्रत्येक मजला २०० चौरस मीटरचा. भिंती, स्लॅब, सामान मिळून एका चौरस मीटरमागे साधारण १.२ टन वजन धरले तर पाच स्लॅबचे मिळून १,२०० टन होते. तिसऱ्या विभागात, या उंचीच्या इमारतीला, मानकात धरलेल्या भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या सुमारे २० टक्के, म्हणजे २४० टन इतका येऊ शकतो. त्याहूनही मोठा, क्वचित होणारा भूकंप धरला तर याच्या दुप्पट. पण साध्या चौकटीची इमारत २४० टनांसाठी बांधतच नाहीत. मानकच सांगते की तिसऱ्या हिश्श्यासाठी, म्हणजे ८० टनांसाठी आराखडा करा. मग उरलेले १६० टन कोण सोसणार?

ते सळईने सोसायचे असतात. सळई वाकते, लांबते, पण तुटत नाही, आणि त्या वाकण्यात भूकंपाची ताकद खर्ची पडते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर खात्यावर ८० जमा असताना अंगावर २४० ची देणी येतात आणि फरक इमारत आपल्या लवचिकपणातून चुकता करते. काँक्रीट फुटेल, भिंतींना तडे जातील, प्लास्टर पडेल, पण स्लॅब स्लॅबवर बसणार नाही, अशी ही योजना आहे. भूकंपरोधक इमारत म्हणजे नुकसान न होणारी इमारत असा अर्थ पुष्कळजण घेतात. तो बरोबर नाही. मोठ्या भूकंपात माणसे जिवंत बाहेर यावीत एवढीच मानकाची हमी आहे. दुकानातला माल, मशिनरी आणि पुढचे सहा महिने धंदा चालू राहील की नाही, याची हमी त्यात नाही.

फिटरच्या हातात काय असते

सळईचा हा लवचिकपणा आपोआप येत नाही. तो रिंगमुळे येतो. कॉलममधल्या उभ्या सळयांना वेढणारी रिंग काँक्रीटला पट्ट्यासारखी बांधून ठेवते. अहमदाबादच्या पडलेल्या इमारतींत पाहणी करणाऱ्या इंजिनियरांना जागोजागी एकच चित्र दिसले : पातळ सळईच्या रिंग, दूरदूर बांधलेल्या, आणि त्यांची टोके काटकोनात वाकवून सोडलेली. भूकंपात कॉलमचे बाहेरचे कव्हर उडाले की असे टोक उघडते, रिंग सुटते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट खडी-रेतीसारखे सांडते. टोक १३५ अंशांत आतल्या बाजूला वळवले असेल तर ते गाभ्यात रुतून बसते आणि कव्हर उडाल्यावरही रिंग पकड सोडत नाही.

भारतीय मानक आयएस १३९२० मध्ये हे सारे लिहिलेले आहे. हूक १३५ अंशांचा, कॉलमच्या वरच्या व खालच्या टोकांना रिंगचे अंतर १०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा, जास्त नाही, आणि बीम-कॉलम जिथे भेटतात त्या जोडाच्या आतसुद्धा रिंग. उभ्या सळयांचा लॅप कॉलमच्या मधल्या भागात घ्यावा, स्लॅबच्या लगेच वर नव्हे, कारण सर्वांत जास्त वाकण तिथेच येते. प्रत्यक्षात आपल्याकडे स्लॅबवर सळया सोडायच्या आणि पुढच्या मजल्याचा लॅप तिथेच द्यायचा, ही जुनी सवय आहे. जोडाच्या आत रिंग घालणे त्रासाचे असते. चारी बाजूंनी बीमच्या सळया आलेल्या असतात, हात जात नाही, ठेकेदार स्लॅब भरायची घाई करत असतो. फिटरला मजुरी किलोवर किंवा टनावर मिळते. हूक नीट वळवण्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही, हेही खरे आहे. फिटर बांधवांना दोष देण्यापूर्वी मालकाने हे लक्षात घ्यावे.

आता एक गोष्ट जी इमारतीचे वय पाहताना फार महत्त्वाची आहे. आयएस १३९२० प्रसिद्ध झाले १९९३ मध्ये, किल्लारीच्याच वर्षी. परंतु त्या आवृत्तीत तिसऱ्या विभागातील पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या इमारतींना हे नियम लागू नव्हते. तळमजला अधिक चार म्हणजे बरोबर पाच. गुजरातच्या भूकंपानंतर, २००२ मध्ये, ही सूट काढण्यात आली. तेव्हा २००२ पूर्वीची चार माळ्यांची इमारत असेल तर ती कितीही इमानदारीने बांधलेली असो, तिच्या रिंग या पद्धतीच्या असतील असे गृहीत धरता येत नाही. आणि त्यानंतरची असेल तरी कागदावर आहे तेच कॉलममध्ये आहे, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

उघडा तळमजला

अहमदाबादच्या इमारतींचा दुसरा दोष उघड्या डोळ्यांनी दिसणारा होता. वरच्या सर्व मजल्यांवर फ्लॅट, म्हणजे विटांच्या भिंतींनी भरलेली चौकट. तळमजल्यावर मोटारी ठेवण्यासाठी नुसते कॉलम. वरचा भाग एखाद्या पेटीसारखा ताठ आणि खाली काड्या. जमीन हलली की वरची पेटी एकसंध हलते आणि सगळे वाकणे खालच्या काड्यांच्या वाट्याला येते. शिवाय तिथे खालच्या मजल्यापेक्षा वरचे मजले बाहेर काढण्याची रीत होती, त्यामुळे बाहेरचे काही कॉलम पायापर्यंत न जाता बीमच्या टोकावर उभे होते. ज्या इमारतींच्या तळमजल्यावरही भिंती होत्या त्यांतल्या पुष्कळ तडे जाऊनही उभ्या राहिल्या. २००२ च्या आयएस १८९३ मध्ये म्हणूनच सांगितले गेले की तळमजला असा उघडा ठेवायचा असेल तर तिथल्या कॉलम आणि बीमचा आराखडा हिशेबाने येणाऱ्या जोराच्या अडीच पट जोरासाठी करा. वरच्या उदाहरणात २० कॉलम असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४ टनांऐवजी १० टन.

आमच्या तळमजल्यावर पार्किंग नाही, दुकाने आहेत, असे म्हणून सुटका होत नाही. ओळीने गाळे असलेली इमारत नीट पाहा. दोन गाळ्यांमधल्या भिंती रस्त्याला काटकोनात असतात. त्या दिशेने आधार आहे. रस्त्याच्या दिशेने काय आहे? पुढे सगळी शटर, मागे एक भिंत. त्या दिशेला जोर आला की पुढची बाजू सैल आणि मागची ताठ, म्हणजे इमारत नुसती हलत नाही, पिळली जाते. कोपऱ्यावरचे दुकान तर सर्वांना हवे असते, त्याची पागडी जास्त, दोन्ही रस्त्यांना शटर. भूकंपाच्या दृष्टीने मात्र तोच गाळा सर्वांत नाजूक. त्याच्या दोन बाजू मोकळ्या आणि दोन भरलेल्या असतात, आणि पिळण्याचा सगळा ताण त्या कोपऱ्यातल्या एका कॉलमवर येतो.

यात आपण आपल्या हाताने भर घालतो. धंदा वाढला की शेजारचा गाळा घेऊन मधली भिंत पाडली जाते. इंजिनियर सांगतो की ही भिंत भार घेत नाही, कॉलम-बीमची इमारत आहे, पाडा. वरून येणाऱ्या भाराबद्दल तो खरे बोलतो. आडव्या जोराबद्दल त्याला कोणी विचारलेले नसते. उंच गाळ्यात पोटमाळा टाकताना लोखंडी चॅनेल सरळ कॉलमला ठोकले जाते. त्यामुळे कॉलम मधोमध अडकतो, त्याची मोकळी लांबी अर्धी होते, आणि असा आखूड झालेला कॉलम जास्त जोर ओढून घेतो आणि तिरका फुटतो. कारखान्यात उजेडासाठी वरचा भाग मोकळा ठेवून कॉलमच्या मध्ये कमरेइतकी किंवा छातीइतकी भिंत बांधतात, तिथेही हेच होते. फ्लॅटचा मजला चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने बांधलेला असतो, दुकानाचा ४०० किलोच्या. वरचा फ्लॅट भाड्याने घेऊन त्यात कापडाचे गठ्ठे किंवा कागदाची रिमे छतापर्यंत लावली तर वजन त्याच्या कितीतरी पुढे जाते आणि भूकंपाचा जोर वजनाच्या हिशेबानेच येतो.

आणि कॉलम तासणे. शटर बसेना म्हणून, फ्रीज आत जाईना म्हणून, आरसा लावायचा म्हणून कॉलमचा कोपरा फोडलेला पुष्कळांनी पाहिला असेल. तुर्कस्तानात ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात पन्नास हजारांहून अधिक माणसे गेली. तिथे १९९९ च्या इझमितच्या भूकंपानंतर चांगले नियम झाले होते. पण २०१८ मध्ये पैसे भरून बेकायदा बांधकाम नियमित करून देणारी योजना सरकारनेच आणली होती. भूकंपानंतर तळमजल्यावरील दुकानांसाठी कॉलम कापल्याचे आरोप कोर्टापर्यंत गेले. गाळा विकत घेणारा गाळ्याचा मालक होतो. गाळ्यातून जाणारा कॉलम वर झोपणाऱ्या सगळ्यांचा असतो.

ऑडिटमध्ये हा प्रश्न नसतो

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली ३० वर्षांवरच्या इमारतींना ते बंधनकारक झाले. ते व्हायलाच हवे. मुंब्र्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ जण मेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीत चाळीसच्या आसपास, आणि दोन्ही वेळा जमीन हललेली नव्हती.

परंतु नेहमीच्या ऑडिटमध्ये तपासले जाते ते काँक्रीटचे आणि सळईचे आरोग्य. रिबाऊंड हातोडा मारतात, ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधतात, कोअर काढून दाबून पाहतात, सळई किती गंजली ते मोजतात. अहवालात लिहिले जाते की इमारत किरकोळ दुरुस्तीनंतर राहण्यास योग्य आहे. हा निष्कर्ष रोजच्या भाराबद्दल असतो. आडवा जोर आल्यावर काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो मागितल्याशिवाय सहसा कोणी सोडवत नाही. त्यासाठी आयएस १५९८८ हे वेगळे मानक २०१३ पासून आहे.

या तपासणीची पहिली पायरी नजरेची. इमारतीचे वय, मजले, तळमजला उघडा आहे का, अधांतरी कॉलम आहेत का, आराखडा एल आकाराचा आहे का, गच्चीवर नंतर किती टाक्या चढवल्या. दुसरी पायरी साध्या हिशेबाची. एकूण वजन, त्यावरून आडवा जोर, आणि तळमजल्याच्या सगळ्या कॉलमचे मिळून क्षेत्रफळ, म्हणजे चौरस मिलिमीटरमागे किती ताण येतो ते. आपल्या उदाहरणात २३० बाय ४५० चे २० कॉलम असतील तर ८० टनांना हा ताण ०.३८ न्यूटन येतो, आणि ०.४ च्या पुढे गेला की सखोल तपासणी सांगितली जाते. म्हणजे चांगल्या काँक्रीटची, कागदावर व्यवस्थित वाटणारी इमारतही काठावर असते.

सखोल तपासणीत इमारतीचा संगणकावर नमुना करून तिला बाजूने हळूहळू ढकलत नेतात आणि कोणता कॉलम आधी हार मानतो ते पाहतात. कॉलमपूर्वी बीम वाकले तर बरे, कारण एक बीम गेला तर एक स्लॅब लोंबते, कॉलम गेले तर सगळे वर आहे ते खाली येते. या गणिताला आत काय सळई आहे ते माहीत असावे लागते. मूळ नकाशे बहुतेक सोसायट्यांकडे नसतात. मग दोन-तीन कॉलमचे कव्हर खालच्या टोकाला फोडून रिंगची जाडी, अंतर आणि हूक डोळ्यांनी पाहावे लागते. तळमजल्याचा कॉलम म्हणजे कोणाच्या तरी दुकानातला कॉलम. इथे पुष्कळ व्यापारी अडून बसतात. फर्निचर खराब होईल, धूळ उडेल, दोन दिवस शटर बंद राहील. हे दोन दिवस द्यावेत.

उपाय करायचा तर तो तळमजल्यावरच करावा लागतो आणि तो व्यापाऱ्याच्या खिशाला लागतो. दोन्ही दिशांना काही ठिकाणी पायापासून वरपर्यंत काँक्रीटची भिंत किंवा लोखंडी तिरके आधार. त्यात कोणाचे तरी शटर कायमचे बंद होते. कोणाचे, आणि त्याला बाकीच्यांनी काय भरपाई द्यायची, हे काम सुरू होण्यापूर्वी सोसायटीच्या सभेत लिहून ठरले पाहिजे. नाही तर सगळे तिथेच अडते. कॉलमला बाहेरून नवे काँक्रीट आणि सळई चढवण्याचा मार्गही आहे. अहमदाबादला भूकंपानंतर ठेकेदारांनी असे पुष्कळ केले आणि कित्येक ठिकाणी नवी सळई स्लॅबच्या खालीच थांबवली. कॉलम जाड दिसू लागला, जोड तसाच अशक्त राहिला. सळई पायात रुजवून, स्लॅबला भोके पाडून वरच्या मजल्यात न्यावी लागते. काम देताना ही एक ओळ करारात घालावी, आणि काँक्रीट भरण्यापूर्वी सळयांचे फोटो काढून ठेवावेत. सोसायटीच्या पुढच्या ऑडिटच्या पत्रात इंजिनियरला इतके लिहून मागता येईल : तळमजल्याचे कॉलम आयएस १५९८८ प्रमाणे आडव्या जोराला तपासावेत, दोन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे द्यावेत, आणि कोणत्या गाळ्यातली कोणती भिंत पाडलेली आहे ते नकाशावर दाखवावे.